वांग्याच्या देठाचा हिरवा

"नाव नका लिहू. रंग मात्र बरोबर लिहा," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. त्यामुळे इथे नाव नाही. रंग तीन आहेत, आणि जितके अचूक सांगता येतील तितके सांगतो.

पहिला पोपटी. पण पोपटाचा नव्हे. पोपट कोणी नीट पाहिलेला नसतो, उडाला की सगळे म्हणतात हिरवा होता, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा पोपटी म्हणजे सकाळी तोडलेल्या वांग्याच्या देठाचा. दुसरा पाचूचा हिरवा. तो त्यांच्या आईच्या अंगठीतल्या खड्याचा. ती अंगठी त्यांच्या उजव्या हातात असे. खडा पाचूचा नाही, काचेचा आहे, हे त्या विचारण्याआधीच सांगत. "काच आहे. पण रंग खरा आहे." तिसरा जांभळा, आणि तो अर्थातच वांग्याचा.

दारव्ह्यात आठवडी बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं, म्हणजे काकूंचं, मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर. दुकानाची रुंदी इतकी की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसरं ओट्यावर थांबतं. गल्ल्याशेजारी स्टीलच्या ताटलीत रोज एक ताजं वांगं ठेवलेलं असे. संध्याकाळी त्याची भाजी होई आणि सकाळी नवं वांगं येई. नवीन माणसाला हा नवस वाटायचा. ते माप होतं. वाण्याकडे वजन असतं तसं.

मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून चार वर्षं त्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. जिन्याच्या पायऱ्या पाचूच्या रंगाच्या, कठडा पोपटी, माझ्या खोलीचं दार जांभळं. आतल्या भिंती तरी पांढऱ्या असाव्यात, असं मी पहिल्याच आठवड्यात सुचवलं होतं.

"पांढऱ्या कायले? दवाखाना टाकता का?" काकू म्हणाल्या.

भिंती फिक्या हिरव्या झाल्या. माझ्या राखाडी शर्टांबद्दलही त्यांचं मत होतं. "पेपरवाले, तुमी घरून निघता तं कालचा पेपर चालल्यावानी दिसते."

त्या स्वतः रोज तीन रंगांतच असत. साडी बहुतेक पाचूच्या रंगाची, काठ किंवा ब्लाउज जांभळा, आणि पोपटी कुठेतरी अगदी थोडा. बाहीची पायपिंग, केसांची पिन, चष्म्याची दोरी. प्रमाण ठरलेलं होतं. "पाचू पोटभर, जांभळा तोंडी लावायले, पोपटी चिमूटभर." कोणी विचारलं की दोन हिरवे एकत्र कसे चालतात, तर उत्तर तयार असे. "दोन हिरवे म्हंजे जावा जावा. नुसत्या ठेवल्या तं भांडतात. मंधात जांभळी सासू बसवली की दोघी नीट राह्यतात."

त्यांचे वडील आणि यजमान, दोघेही सरकारी कचेरीत कारकून. दुकान कोणाच्याच घराण्यात नव्हतं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर दुकानात बसू लागले. कापडाच्या घड्या घालणं हे त्यांचं काम. बोलणं काकूंचं. काका दिवसभरात जे एखाद-दुसरं वाक्य बोलत, ते कामाचं असे.

पाटीवर मॅचिंग सेंटर लिहिलेलं असलं तरी मॅचिंग या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. जांभळ्या साडीवर जांभळा ब्लाउज मागणाऱ्या बाईला त्या कापड देत, पण देताना म्हणत, "घेऊन जा, बाई. वांग्यावर वांगं ठेवलं तं ढीग होते, आनखी काय." निम्म्या बाया तिथेच बेत बदलत. उरलेल्या रागावून जात आणि पुढच्या सणाला परत येत.

दुकानाचा नियम एकच होता आणि तो कोणासाठीही मोडत नसे. रंग आत ठरायचा नाही. कापड आणि साडी ओट्यावर न्यायची, उन्हात धरायची, अंगठी आणि वांगं शेजारी ठेवायचं. गिऱ्हाईक उन्हात उभं राहून "हो" म्हणेपर्यंत कात्री उचलायची नाही. मान हलवलेली चालत नसे. दिवेलागणीला जांभळ्या ताग्यांवर चादर पडे. ट्यूबलाइटमध्ये जांभळा खरा दिसत नाही, म्हणून त्या वेळी तो विकायचा नाही. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतला एक अधिकारी एकदा सहा वाजून गेल्यावर गाडी थांबवून बायकोसाठी जांभळं अस्तर मागायला आला. अस्तर तर आतून असतं, कोणाला दिसणार, असं तो म्हणाला.

"तुमाले माईत राह्यते ना," काकू म्हणाल्या. "उद्या या. ऊन नऊ वाजता येते."

तो दुसऱ्या दिवशी आला. हे मी स्वतः पाहिलं आहे.

अलीकडे मुली मोबाइलवर फोटो घेऊन येत. एका कॉलेजच्या मुलीने, अगदी हाच हिरवा पाहिजे, म्हणून फोन पुढे केला. काकूंनी तो हातात घेतला, ओट्यावर आल्या आणि उन्हात धरला. पडदा काळा पडला.

"कुठं गेला तुयावाला हिरवा?"

"काकू, उन्हात नाही दिसत."

"मंग लग्न काय फ्रिजमधी हाय?"

मुलगी हसली. शेवटी देठाचा पोपटी घेऊन गेली.

नागपूरहून ठोक व्यापाऱ्यांची माणसं शेड कार्ड घेऊन येत. काकू त्यांना ताटलीतलं वांगं देत आणि कार्डावरची नेमकी पट्टी दाखवायला सांगत. ज्याला दाखवता येई, त्याला चहा मिळे. बाकीच्यांना पाणी. काही दुकानांना याहून कितीतरी जास्त गिऱ्हाईक होतं. पण दारव्हा आणि नेर या दोन तालुक्यांत लग्न ठरलं की घरातली एक तरी बाई या ओट्यावर उभी राहत असे. रंगाचा शेवटचा शब्द तिथे होता, हे मी चार वर्षांत बऱ्याच तोंडून ऐकलं.

चुकीची पहिली खबर मला समोरच्या शिलाईवाल्या शोभाताईंकडून मिळाली. मी शर्टाचं बटण लावून घ्यायला गेलो होतो. त्यांनी दार लोटून घेतलं आणि एक ब्लाउजपीस माझ्यापुढे टाकला.

"भाऊ, हा कोनता रंग?"

"कॉफी."

"काकूनं जांभळा म्हनून देल्ला. हा तिसरा."

साडी पाचूच्या रंगाची होती. तिच्याशेजारी तो तपकिरी तुकडा चुकून तिथे पडल्यासारखा दिसत होता. ज्या बाईचा तो होता, तिने नियमाप्रमाणे उन्हात उभं राहून हो म्हटलं होतं. मग रस्ता ओलांडून शोभाताईंकडे येऊन म्हणाली होती, शिवून टाका, काकूले सांगू नका.

तेव्हापासून मी लक्ष ठेवलं. काकू तागे हाताला लागतील त्या जागेवरून काढत. जागा वर्षानुवर्षं ठरलेली होती, त्यामुळे चूक लगेच दिसत नसे. पण नवा माल लावताना कॉफी रंगाचे दोन तागे जांभळ्यांच्या खणात गेले होते, आणि ते तिथेच राहिले. शोभाताई अस्तराच्या निमित्ताने दुकानात जात आणि जमेल तेव्हा खरा जांभळा पुढे ओढून ठेवत. काका घड्या घालत असत. त्यांनी शोभाताईंना असं करताना पाहिलं होतं, असं माझं मत आहे. त्यांनी विचारलं कधीच नाही.

मग नेरच्या रस्त्यावरच्या एका गावातलं लग्न आलं. घर शेतकऱ्याचं, कापूस आणि तुरीचं. नवरीच्या आईने ठरवलं होतं की घरच्या अकरा बायांनी सारख्या साड्या नेसायच्या. पाचूचा रंग, बारीक पोपटी काठ. वर जांभळे ब्लाउज. कल्पना काकूंचीच. अकरा जणींपैकी सात जणी जीप करून आल्या. त्यांत नवरीची आजीही होती. काकूंनी कॉफीचा तागा काढला, ओट्यावर नेला, साडीवर टाकला. अंगठी धरली. वांगं धरलं.

"हा जांभळा. बोला."

मी जिन्यात होतो. सात जणी उन्हात उभ्या होत्या. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. नवरीची आई म्हणाली, "हो." मग बाकीच्या म्हणाल्या. अकरा तुकडे कापले गेले.

माझं काम घडलं ते लिहिण्याचं. समोर घडलेलं मी त्या दिवशी बोललो नाही, आणि पुढे काही महिने बोललो नाही.

लग्नाचे फोटो त्यांना मोबाइलवर आले. त्यांनी ते माझ्याकडून मोठे करून घेतले.

"ब्लाउज मातकट दिसून राह्यले," त्या म्हणाल्या. "मोबाइल खोटं बोलते. म्या कवाचं सांगून राह्यली."

उलगडा वांग्यामुळे झाला. सकाळी भाजीवाली ओट्यावर टोपली टेकवून बसली होती. काकूंनी एक वांगं उचललं, परत ठेवलं. दुसरं उचललं.

"हे काय वो, पिकलेले आनले? सारे पिवळट तपकिरी पडले."

"काकू, आत्ता तोडले. देठ पाहा ना, काटे टोचतात."

"मले दिसते ना. जून झाले."

भाजीवालीने माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांनी हातातली घडी पूर्ण केली, खाली ठेवली आणि म्हणाले, "वांगं ताजं आहे."

काकूंनी देठावरून अंगठा फिरवला. काटा टोचला असावा, कारण त्यांनी हात मागे घेतला. मग एक डोळा झाकून पाहिलं. दुसरा झाकून पाहिलं. त्या दिवशी दुकान दुपारी बंद झालं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं, असं शोभाताई म्हणाल्या.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता आणि बराच वाढला होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी लगेच तारीख दिली. काकू तारखेला गेल्या नाहीत. दुसरी मिळाली, तीही टाळली. भीती शस्त्रक्रियेची नव्हती. ती कशाची होती, हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं.

"ते नवीन भिंग बसोतात ना, ते कोन्या रंगाचं राह्यते?"

"पारदर्शक असतं, काकू."

"तुमाले काय मालूम? त्यातून जांभळा कसा दिसते, कोनं पाह्यला? माह्यावाला जांभळा गेला तं मी काय विकू? माप गेल्यावर दुकान राह्यते का?"

त्यांचं म्हणणं तर्काला सोडून नव्हतं. आत्ता चुकतं आहे एवढं त्यांना कळलं होतं. पण किती आणि कोणाचं चुकलं, हे कोणी सांगितलं नव्हतं. नव्या डोळ्याने सगळंच वेगळं दिसलं, तर जुनं खरं की नवं, हे ठरवणार कोण? ज्या एका गोष्टीसाठी दोन तालुके त्यांचा शब्द मानत होते, तीच पणाला लागत होती.

शेवटी त्या गेल्या, पण वांगं घेऊन. दवाखान्यातल्या नर्सने पिशवीत डबा असेल असं समजून ती बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याची पट्टी काढली, तेव्हा मी आणि काका तिथे होतो. डॉक्टरांनी किती बोटं म्हणून हात वर केला.

"बोटं मंग," काकू म्हणाल्या. "पिशवी द्या."

नर्सने पिशवी दिली. त्यांनी वांगं काढलं आणि खिडकीपाशी नेलं. शेजारी अंगठी धरली. वांगं एका दिवसाने थोडं सुकलं होतं, देठ अजून हिरवा होता. मग त्यांनी नवा डोळा झाकून जुन्याने पाहिलं. जुना झाकून नव्याने पाहिलं. असं चार-पाच वेळा केलं. डॉक्टर थांबले होते.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच होता. मी विसरली होती."

एवढं झाल्यावर त्या काकांकडे वळल्या. "कधीपासून?"

काका म्हणाले, "दोन दिवाळ्या."

"साऱ्याइले मालूम?"

काकांनी वांगं त्यांच्या हातातून घेतलं आणि पिशवीत ठेवलं.

डॉक्टरांनी आठ दिवस दुकानात जाऊ नका असं सांगितलं होतं. त्या चौथ्या दिवशी काळा चष्मा लावून गेल्या. जांभळ्यांचा खण पूर्ण रिकामा केला. एकेक तागा ओट्यावर नेला, चष्मा वर करून पाहिला आणि दोन ढीग केले. कॉफीच्या एका ताग्यात फारसं कापड उरलं नव्हतं. ते पाहून त्यांना अकरा ब्लाउज आठवले. त्या खऱ्या जांभळ्याचे अकरा तुकडे कापायला बसल्या. शोभाताई समोरून आल्या आणि दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या.

"तुले मालूम होतं," काकू म्हणाल्या.

"हो."

"शिवले कसे मंग?"

"रडत शिवले, काकू. लय वंगाळ दिसत होते."

काकू हसल्या. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा.

दुसऱ्या डोळ्याची तारीख तीन आठवड्यांनी होती. त्याआधीच त्या गावाला निघाल्या. मला म्हणाल्या, "पेपरवाले, तुमी चला. साक्षीले." नेरच्या एसटीत त्या पिशवी मांडीवर धरून बसल्या. पिशवीत अकरा तुकडे आणि एक वांगं. वाटेत एकदाच बोलल्या. हातात रंग देणाऱ्या माणसाने चुकीचा रंग दिला, तर त्याने दारावर जाऊन सांगायला पाहिजे, गिऱ्हाईक येण्याची वाट पाहू नये, एवढंच.

नवरीच्या आईने आम्हाला पाहून आधी चहा टाकला. मग शेजारच्या घरांतून बाया आल्या. त्यांच्यापैकी दोघी साध्या घरच्या साडीत होत्या. साड्या हिरव्या होत्या आणि दोघींचे ब्लाउज कॉफी रंगाचे होते.

काकूंनी ते पाहिलं. "हे लग्नातले?"

"नाही," त्यांच्यापैकी एक म्हणाली. "हे मंग घेतले, यवतमाळहून. आता आमच्याकडे साऱ्या बाया हिरव्यावर हाच घेतात. काकूनं देल्ला म्हनून."

काकू ओसरीच्या पायरीवर बसल्या. आपली एक चूक एवढी पसरेल, असं त्यांच्या मनात आलेलं नसावं. मग त्यांनी तुकडे बाहेर काढले.

"म्या चुकीचा देल्ला होता. तुमाले दिसला होता ना?"

"दिसला होता," नवरीची आई म्हणाली.

"मंग हो काहून म्हनलं, माय? उनात उभं करून इचारलं होतं म्या. त्याच्यासाठीच तं इचारते."

नवरीच्या आईने पदर सारखा केला. "तुमी अंगठी धरली, वांगं धरलं, म्हनलं हा जांभळा. मले वाटलं, माहेच डोळे गेले. मागून घरी आल्यावर समजलं की साऱ्याइलेच कॉफी दिसला. मंग म्हनलं, काकूले दिसत नसन. पन कोनं सांगाव? तुमी आमच्या पोरीच्या लग्नासाठी एवढ्या उनात उभ्या राह्यल्या होत्या."

मग काकू उठल्या. सगळ्या बायांना अंगणात घेतलं. एक हिरवी साडी आणवली, तिच्यावर जांभळा तुकडा टाकला, शेजारी वांगं आणि अंगठी धरली. नियम तोच, फक्त दुकानाच्या ओट्याऐवजी गावातलं अंगण.

"आता खरं बोला. माह्या तोंडाकडे पाहू नका. कापडाकडे पाहा."

एकेक जण बोलली. जांभळा. जांभळा. पोपटी काठामुळे आणखी उठतो, असं एक तरुण सून म्हणाली, आणि काकूंनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. सर्वांत शेवटी नवरीची आजी होती. ती काठी टेकत पुढे आली, तुकडा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"हा तं तोच हाय," ती म्हणाली. "लग्नातलाच. तवाही मस्त होता."

बाया हसल्या. नवरीची आई म्हणाली, "बुढीले काही समजत नाही, मनावर घेऊ नका."

काकू हसल्या नव्हत्या. त्यांनी तुकडा आजीच्या हातातून घेतला, वांगं तिच्या हातात दिलं आणि तिचा अंगठा देठावर ठेवला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी पुढच्या वर्षी यवतमाळला बदलून आलो. त्याआधीची एक सकाळ मात्र सांगायला हवी. काकूंच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख होती. दारव्ह्याच्या स्टँडवर यवतमाळची गाडी लागली होती. खिडकीशी त्या बसल्या होत्या, पाचूच्या रंगाच्या साडीत, जांभळ्या ब्लाउजमध्ये, चष्म्याच्या पोपटी दोरीसह. शेजारी ती आजी होती. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीच्या तोंडातून वांग्याचा देठ बाहेर आलेला दिसत होता.